कपाटाला बेडं कुठे?

दमयंती लिमये रत्नागिरीतल्या एका इस्पितळाचा कॉम्प्युटर विभाग सांभाळतात. पेशंटचे एक्स-रे आणि स्कॅन ज्या स्टोरेजमध्ये राहतात त्याला त्या 'कपाट' म्हणतात आणि ते विकायला येणाऱ्यांना 'सुतार'. त्या दिवशी दोन सुतार नमुन्याच्या पेट्या घेऊन एकदमच हजर झाले, पुण्याचा देवदत्त आणि मुंबईचा रितेश.

चार वर्षांपूर्वी दोघे एकमेकांच्या मालाला नावं ठेवायचे. देवदत्त नाकात बोलायचा, "मॅडम, डेटाला स्वतंत्र फायबरचा रस्ता हवा. ऑफिसच्या नेटवर्कवरून म्हणजे एसटीच्या टपावर दागिने!" रितेश हसायचा, "ताई, भिंतीत वायर आहे ना? मग हायवे कशाला?" आता मात्र दोघांच्या पत्रकांवर एकच मजकूर: एकाच पेटीत दोन्ही सोयी.

"ॲक्च्युअली मॅडम, ऑफिसच्या नेटवर्कवरूनही छान चालतं."

"चढले का दागिने टपावर, देवदत्ता?" ताईंनी तोच नाकातला सूर लावला. रितेश खिदळला, तशा त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि तू काय हसतोस मेल्या? तुझ्या पत्रकात फायबर आहे की! 'ताई, मग हायवे कशाला?'"

हा आवाज तर इतका हुबेहूब, की रितेशने आपलाच गळा चाचपला.

पण ताईंच्या मनात सदूकाका होते. जुन्या कपाटवाल्या कंपनीने गाशा गुंडाळला, तेव्हा आतले स्कॅन दुसऱ्या कुठल्याच यंत्राला वाचता येईनात. हेदवीहून आलेल्या सदूकाकांचा स्कॅन पुन्हा काढावा लागला, आणि ताईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. संध्याकाळपर्यंत नवं कपाट ठरवायचं होतं. पुन्हा कुणापुढे तसे हात जोडायची पाळी यायला नको होती.

"आमच्याकडे बागेला दगडी गडगा घालताना गडी आधी विचारतो, बेडं कुठे ठेवू? आत-बाहेर करायला फाटक नको का? तुमच्या पेट्यांना बेडं कुठे, ते दाखवा."

"म्हणजे?" देवदत्तने विचारलं.

"नावं पुसलेले शंभर स्कॅन तू तुझ्या पेटीत भर. ते रितेश बाहेर काढील. मग उलट. ज्याने भरले त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही."

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. भरायची तयारी दोघांचीही होती, काढायची कुणीच केली नव्हती. रितेशच्या पेटीतून देवदत्तने अकरा मिनिटांत शंभरच्या शंभर स्कॅन काढले, तेही कपाळाला आठ्या घालून. देवदत्तच्या पेटीशी रितेश तासभर झटला. शेवटी देवदत्तच पुटपुटला, "त्याला आमचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पण मॅडम, वेग आमचा दुप्पट आहे!"

"आत जायचा ना?"

देवदत्त पेटी आवरत म्हणाला, "ही चाचणी लिहून द्याल? ऑफिसात दाखवतो." ताईंनी तिथल्या तिथे लिहून दिली, आणि वर चहा पाजला.

पुढच्या महिन्यात रितेशचं कपाट बसलं. ताईंनी सगळ्यांत आधी सदूकाकांचा स्कॅन आत ठेवला, लगेच बाहेर काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

"ताई," रितेश काकुळतीला आला, "आता बसू द्या की काकांना आत!"