दोन रक्तांमधलं जेवण

आईच्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा अंगठा घासून झालेली जखम भरत नव्हती. गोवा राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. आमचं गाव डिचोलीजवळ. खाणीचे ट्रक जाऊन जाऊन रस्त्याकडेची झाडं तांबडी झाली होती, आणि जखमेत धूळ जाते म्हणून ती चिघळते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

गावच्या डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली. एकदा उपाशीपोटी, मग जेवून दोन तासांनी. आई डिचोलीला सकाळी रक्त देऊन घरी आली, दुपारच्या बसने पुन्हा गेली. मी तेव्हा पणजीला नोकरीत होतो. रविवारी आलो आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी पहिल्या आकड्याकडे फारसं पाहिलं नाही. बायकांचा उपाशीपोटीचा आकडा पुष्कळदा बरा येतो, म्हणाले, त्यावर विसंबू नये, खरं काय ते जेवणानंतरचा सांगतो. दुसरा आकडा त्यांनी बोट ठेवून वाचला.

"साठीनंतर हा थोडा चढतोच. चढला असता तरी मी घाबरलो नसतो. आईचा तर तरुण मुलीसारखा आहे."

आम्ही निर्धास्त झालो. आई हसली, पण तांब्या तोंडाला लावूनच. त्या पावसाळ्यात ती सारखी पाणी पीत होती. अंगावरचं पोलकं सैल झालं होतं. वयाने माणूस आटतं, असं बाबा म्हणत.

दिवाळीनंतर तिला ताप भरला, तेव्हा मी तिला पणजीला नेलं. बाबाही आले. तिथल्या डॉक्टरांनी जुना कागद पाहिला, मग आईकडे.

"दुसरं रक्त देण्याआधी काय जेवला होतात?"

आईने पदर सारखा केला. "जेवले नव्हते. हे बाजारातून यायचे होते. ह्यांच्या आधी मी कशी जेवणार? आणि बस तर निघत होती."



"मी त्या दिवशी बाजारातच भाजी-पाव खाल्ला होता," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी नर्सला आईच्या पायाची पट्टी सोडायला सांगितली. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. दुखतं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. आई दोन्ही वेळा म्हणाली, अजिबात नाही.