वेशीवर थांबलेली बातमी

आम्रपाली साळवेने खेळातून स्वतःचं नाव काढायला लावलं, त्याला तीन आठवडे झाले. ऑफिसात अजून म्हणतात, मुलगी तापट आहे. मी तिला कॉलेजपासून ओळखतो. ती तापट नाही. तिला गणित चुकवलेलं चालत नाही, एवढंच.

आमची कंपनी खराडीत आहे. जुन्या लढायांचे खेळ बनवते, मोबाइलवर खेळायचे. खेळातली पत्रं आणि निरोप मी लिहितो. मराठीत एमए केल्याचा तेवढाच उपयोग. शत्रू कुठे आहे हे सेनापतीला कधी कळावं, हे ठरवणं आम्रपालीचं काम होतं.

"सेनापती गडावर बसलाय," ती म्हणाली. "त्याला दिसत काही नाही. त्याला लोक सांगतात."

तिने नकाशा कोरा केला. बातमी आली की शत्रूचं निशाण उमटायचं, तेही बातमीदाराने पाहिलं होतं त्या जागी. दिवस जातील तसं ते फिकट व्हायचं. शत्रू तोवर भलतीकडेच. निरोप घेऊन माणूस किती वेगाने चालतो हे कुठे नीट सापडेना, तेव्हा ती पाठीवर सात किलोचं ओझं घेऊन चार रविवार सिंहगड चढली. घड्याळ लावून.

"वर भजी तरी खाल्लीस का?" चेतनने विचारलं. तो शेजारच्या टेबलावर बसतो.

"खाल्ली. बावीस मिनिटं गेली. तीही धरलीत."

तरीही बातमी फार लवकर पोहोचत होती. जुन्या कागदांत जिथे दोन दिवस लागलेले, तिथे आमचा माणूस एका दिवसात हजर. मधला वेळ कुठे जात होता, हे तिला मांजरी गावात कळलं. तिथे तिची द्वारकाआत्या राहते. वय ऐंशी.

"माझा आजा सांगावा घेऊन धा कोस जायचा," आत्या म्हणाली. "चालायला किती येळ लागतोय? पन येशीवर हुबं ऱ्हायचं. आतलं मानूस भाईर येईस्तवर. आत जायचं न्हाई."

सोमवारी खेळात नवी ओळ आली. 'बातमीदार वेशीवर थांबला आहे.' खाली एक बटण. 'बाहेर जाऊन ऐका.' ते दाबलं की बातमी ताजी मिळायची, पण सरदार कुजबुजायचे आणि सेनापतीचा मान थोडा उतरायचा. नाही दाबलं तर बातमी बाहेरच शिळी व्हायची.

शुक्रवारी दिग्विजय सर सगळ्यांसमोर खेळायला बसले. कंपनी त्यांची. ती ओळ दोनदा आली. दोनदा त्यांनी ती बोटाने बाजूला सारली. मग घाटातून फौज उतरली आणि गड पडला.

"ही बातमी कधी आली होती?"

"परवा, सर."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तो वेशीवर उभा होता. तुम्ही बाहेर गेला नाहीत."

मागे कोणीतरी हसलं. सरांचे कान लाल झाले.

"वेस काढ. खेळ आहे हा, भाषण नाही. नको तो विषय कशाला आणतेस?"

"विषय नाही सर, वेळ आहे. अख्खा दिवस. तो कुठे टाकू?"

"नदीला पूर दाखव."

"चैत्रात?"

"बरं, वाट चुकला म्हण."

"तो वाट चुकायचा नाही. तेच तर त्याचं काम होतं."

सर माझ्याकडे वळले. "तू लिही रे. 'बातमीदार वाट चुकला.' तीन शब्द. जमतील ना साहित्यिकांना?"

मी लिहिले. तिच्याकडे पाहिलं नाही.

ती माझ्या टेबलाशी आली. आवाज चढवला नाही. "शुद्धलेखन तपास," म्हणाली. "तेवढं तरी खरं असू दे." मग थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडं होतं.

"माझं नाव काढा."

"अगं, राहू दे की. तुझ्याच करिअरला उपयोगी पडेल."

"तो वाट चुकला आणि खाली आम्रपाली साळवे? माझ्या आत्याला वाचता येतं, सर."

बटण गेलं. नाव गेलं. त्याच आठवड्यात तिने नोकरीही सोडली. खेळ बाजारात आला, बरा चाललाय.

लोकांचे अभिप्राय वाचणं हेही माझंच काम. काल एकाने लिहिलं, 'खेळ मस्त आहे. फक्त बातमीदार बिनडोक आहेत. सारखे वाट चुकतात. त्यांच्यामुळे हरलो.' खाली दोनशे जणांनी अंगठे दिले होते.

मी ते आम्रपालीला पाठवलं. का पाठवलं, माहीत नाही.

तिचं उत्तर लगेच आलं.

"झालं. आता चूकही त्याचीच."