न झालेलं पंक्चर

"सिव्हिल!"

एवढा एक शब्द टाकला की हवालदारांच्या दृष्टीने समोरच्याचा निकाल लागलेला असे. सिग्नल तोडणारा सिव्हिल. चहात बिस्किट बुडवून ते आत पडू देणारा सिव्हिल. साडेनऊला येते म्हणून पावणेदहाला उगवणारी मी, तीही सिव्हिल. पुण्यात एकमेकांना नावं ठेवणाऱ्यांची वाण नाही, तुम्हालाही अनुभव असेलच. पण अख्ख्या शहराला एका शब्दात निकालात काढून पुन्हा आपल्या कामाला लागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मार्केट यार्डाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. हवालदार आमच्याकडे नऊ वर्षं दहाचाकी ट्रक चालवत होते. त्याआधी बावीस वर्षं सैन्यात, म्हणून सैन्याबाहेरचा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी सिव्हिल. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते स्वतःही सांगत नसत. 'हवालदार म्हना' एवढंच म्हणत. पुण्यात याचा एक घोटाळा होई. समोर हवालदार बसलेत असं ऐकलं की नवा माणूस आधी आपलं हेल्मेट शोधायला लागे.

रोज सकाळी त्यांची 'फस्ट परेड' असे. म्हणजे गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, बॅटरी, दिवे, चाकांचे नट असं सगळं तपासायचं, आणि शेवटी उकिडवं बसून दहाही टायरांच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढायचे. यात पाऊण तास जाई. समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा हे गॅलरीतून बघत. एकदा त्यांना राहवलं नाही.

"अहो, गाडी न्यायची आहे की तिची मुंज लावायची आहे?"

हवालदारांनी मान वर केली नाही. "सिव्हिल," म्हणाले, आणि पुढच्या टायरकडे सरकले.

एकदा मी त्यांच्या शेजारी बसून कात्रजपर्यंत गेले. सैन्यात गाड्यांचा ताफा चालतो तेव्हा दोन गाड्यांत ठरावीक अंतर ठेवतात, ते हवालदार पुण्यातही ठेवत. त्या अंतरात आधी दोन स्कूटर शिरल्या, मग रिक्षा, मग पीएमटीची एक बस. प्रत्येक वेळी हे वेग कमी करून पुन्हा अंतर तयार करत. मी म्हटलं, "अहो, असंच चाललं तर आपण कात्रजऐवजी परत मार्केट यार्डात पोचू." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "पोचलो तर पोचलो. गाडी फिट पोचंल."

फौजी म्हटलं की लोक हटकून विचारतात, "किती मारले?" हवालदार शांतपणे सांगत, "एक बी न्हाई. मी कांदे पोचवले." ते सैन्यातही ड्रायव्हरच होते. वरच्या चौक्यांना कांदे, बटाटे, रॉकेल नेऊन देणं हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. ऐकणाऱ्याचा चेहरा पडे. एका गणेश मंडळाने तर त्यांच्या सत्कारासाठी 'रणांगण गाजवणारे' असा फ्लेक्स लावला होता. हवालदारांनी तिथे जाऊन 'रणांगण'वर कागद चिकटवायला लावला. त्यामुळे ते नुसतेच 'गाजवणारे' म्हणून हार घालून घेऊन आले.

चार वर्षांपूर्वी मालकांनी सगळ्या गाड्यांना ट्रॅकर बसवले. तेव्हापासून माझ्या टेबलावरच्या पडद्यावर गाड्यांचे ठिपके सरकतात. ठिपका पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबला की फोन करायचा आणि कारण नोंदवायचं. कारणांची यादी कॉम्प्युटरमध्ये तयारच असते: जेवण, ट्रॅफिक, पोलीस, पंक्चर, बिघाड, इतर.

हवालदारांचा ठिपका फार थांबे. रस्त्यात कुणाचीही गाडी बंद पडलेली दिसली की हे उतरत. आधी मागे दगड लावत, मग लाल फडकं घेऊन वळणावर उभे राहत आणि मदत येईपर्यंत हलत नसत. फोनवर सांगत, "थांबलोय." का म्हणून विचारलं तर, "कुनीतरी थांबाय पायजे." हे कारण यादीत नव्हतं. मी 'इतर' लिहीत असे.

एका महिन्यात सहा वेळा 'इतर' झालं तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, हा इतर कोण? त्याला एकदा मला भेटायला सांगा." मग हवालदारांना बोलावून स्वच्छ सांगितलं, की यापुढे एकदा जरी असे थांबलात तर किल्ली ठेवायची.

त्या दिवशी ते माझ्यासमोर चहा घेत बसले. पेन्शन होती, मुलगी सासरी सुखात होती, अडत काहीच नव्हतं. पण या वयात दुसरं कुणी एवढी मोठी गाडी हातात देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "घरी बसलो की मी ऑफ रोड," म्हणाले. नादुरुस्त गाडीला सैन्यात ऑफ रोड म्हणतात. माझे सासरे आजारी पडले तेव्हाही त्यांनी 'अजून ऑफ रोडच का?' अशीच चौकशी केली होती.

"मग थांबू नका ना," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी वर डोंगरात त्यांची गाडी बंद पडली. बर्फ सुरू झालं होतं. ताफ्याला थांबायचा हुकूम नव्हता, त्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. "बरोबरच गेल्या," ते म्हणाले. जोडीदार मदत आणायला ताफ्याबरोबर गेला, आणि गाडी सोडायची नाही म्हणून हे एकटे राहिले. मग सफरचंदाच्या पेट्या भरलेला एक साधा ट्रक आला. म्हाताऱ्या ड्रायव्हरने तो कडेला घेतला, स्टोव्ह पेटवला, रोट्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेन आली तोवर तो तिथेच होता.

"त्याचा मालक बी असाच बोंबलला आसंल," हवालदार म्हणाले.

"पण तो का थांबला?"

"काय म्हाईत. सिव्हिल हुता."

हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या आदराने मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सैन्यातून सुटल्यावर सिक्युरिटीची, बँकेच्या दाराशी बसायची कामं सोडून हा माणूस ट्रकवर का आला, तेही तेव्हा कळलं.

पुढे जूनमध्ये बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराची शाळेची पुस्तकं घेऊन ते कोल्हापूरला निघाले, आणि खंबाटकी घाटात ठिपका थांबला. मी फोन केला. मंडईत भाजी उतरवून परतणाऱ्या एका टेम्पोचा एक्सल वळणावरच तुटला होता. "क्रेन येस्तवर हाय इथं," म्हणाले आणि फोन ठेवला. दोन तास झाले. कोल्हापूरचा व्यापारी मालकांच्या फोनवर ओरडत होता आणि मालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

"का थांबलाय हा?"

मी म्हटलं, "पंक्चर." आणि त्यांच्यादेखतच तशी नोंद केली.

"पंक्चर होय? मग ठीक आहे," असं म्हणून ते निघून गेले. टायरला एक माफी होती, माणसाला नव्हती. मला मात्र माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. घरी जाताना मी मुद्दाम पायी मंडईपर्यंत जाऊन स्वतःसाठी अंजिरं घेतली.

तिसऱ्या दिवशी हवालदार आले. खेपेचा कागद सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचायची त्यांची सवय. एका ओळीवर बोट थांबलं.

"हे कुनी लिहिलं?"

"मी. अहो, तुमची नोकरी वाचवली."

"खाली चला मॅडम."

मला वाटलं, आभार मानायला नेतायत. त्यांनी मला ट्रकपाशी उभं केलं. "दावा. कंचा टायर?"

खांद्याला पर्स लावून मी त्या दहा टायरांसमोर उभी राहिले. बाकीचे ड्रायव्हर चहा टाकून बघायला लागले. प्रत्येक टायरवर हात ठेवून ते मला विचारत होते, "ह्यो का? ह्यो का?" मी हळूच म्हटलं, "हवालदार, एक शब्द तर आहे. जाऊ द्या ना."

"नऊ वर्सं रोज परेड केली मी हिची," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण टायरवरचा हात त्यांनी काढला नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा आपण काय केलंय ते कळलं.

ते तसेच वर केबिनमध्ये गेले आणि टाचा जुळवून उभे राहिले. "साहेब, पंक्चर न्हवतं. मी थांबलो हुतो." मालक तसे वाईट नाहीत. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलंही असतं. पण दारात सहा ड्रायव्हर उभे होते. किल्ली टेबलावर ठेवली गेली. हवालदारांनी नव्या ड्रायव्हरला जॅक, पाने, स्टेपनी एकेक मोजून ताब्यात दिलं आणि ते गेले. मला मालक एवढंच म्हणाले, "बघून लिहीत जा जरा." खोटं लिहिलं होतं मी, आणि माझी खुर्ची जागच्या जागी होती. याची मला आजही लाज वाटते.

ती नोंद काढायचा मी खूप प्रयत्न केला. कॉम्प्युटरवाल्यांना तीनदा मेल पाठवला. पूर्ण झालेल्या खेपेची नोंद बदलता येत नाही असं उत्तर तिन्ही वेळा आलं. दिवाळीत धीर करून हवालदारांना त्यांच्या गावी फोन लावला. माफी मागितली.

"दुरुस्त झालं का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. होत नाही."

"मग फोन कशापायी केला?"

राग नव्हता त्यात. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. इकडचं तिकडचं विचारून मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

मार्चमध्ये ऑडिटवाल्यांनी सोडून गेलेल्या ड्रायव्हरांची माहिती मागितली. मी त्यांचं पान छापून काढलं. अपघात शून्य, दंड शून्य, बिघाड शून्य. नऊ वर्षांत पंक्चर एक, आणि ते माझं आहे.