पुढच्याचा डाव

पंचवटीत आमच्या समोरच्या खोलीत तो राहतो. ऑफिसातून आला की बूटही न काढता लॅपटॉप उघडतो. एक जुना व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवून जगभरातले लोक विक्रमासाठी त्याचं रेकॉर्डिंग एका वेबसाइटला पाठवतात. त्यात लबाडी नाही ना, हे हा फुकट तपासतो. खाली रिक्षांचा गोंगाट, आणि हा हेडफोन लावून, डोळे मिटून आधी नुसतं ऐकतो.

"रेकॉर्डिंग कापून जोडलेलं असलं ना काका, की गेमचं संगीत अडखळतं."

चोरी सुरुवातीलाच कळली तरी शेवटपर्यंत ऐकतो. तपासायच्या डावांची रांग काही संपत नाही. सोबतचे सगळे तपासणारे केव्हाच सोडून गेले. उशीर झाला म्हणून लोक शिव्या पाठवतात आणि हा प्रत्येकाची माफी मागत बसतो. मला तर संताप येतो.

परवा मी वैतागून म्हटलं, "अरे, त्यापेक्षा स्वतः खेळ की!"

"खेळलोय ना. इतका चांगला डाव आयुष्यात कधी जमला नव्हता. तोही रांगेतच आहे."

"मग टाक पास करून."

"स्वतःचा स्वतः तपासायचा नसतो, काका."

"मग तुझा कोण तपासणार?"

त्यानं हेडफोन चढवले, पुढच्याचा डाव लावला आणि डोळे मिटले.