शब्दकोशात सापडलेला आमचा गडी

पस्तीस वर्षं मी साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि ‘व्हिलन’ या शब्दाचा मूळ अर्थ मला निवृत्तीनंतर कळला. हे लिहिताना लाज वाटते, पण लाजायचं ते आता उरकूनच घेतो. कॉलेजच्या वार्षिक अंकाला एक पानभर मजकूर हवा होता, इंग्रजी शब्दांच्या गमतीजमती असं काहीतरी. म्हटलं, पोरांना आवडेल असा शब्द घेऊ. दुपारी जेवून जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो आणि पाच मिनिटांत उठून उभा राहिलो. बायकोनं आतून विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

व्हिलन म्हणजे मुळात शेतावरचा गडी. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडी आणि तिथं राबणारा तो ‘व्हिलानस’. फ्रेंचांकडून शब्द इंग्लंडात आला तेव्हाही अर्थ एवढाच होता, मालकाच्या जमिनीला बांधलेला माणूस. मालकाला विचारल्याशिवाय त्याला गाव सोडता यायचं नाही. त्यानं कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण लिहिता-वाचता येत होतं ते मालकांच्या बाजूच्या लोकांना. मग हळूहळू व्हिलन म्हणजे गावंढळ झाला, मग हलका, मग हलक्या मनाचा, मग बदमाश, आणि शेवटी नाटकातला तो नीच माणूस. राबणाऱ्या माणसाला नुसत्या बोलण्यानं गुन्हेगार करून टाकलं आणि शेकडो वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला इंग्रजांचा भयंकर संताप आला. अर्धा तास घरात येरझाऱ्या घालत त्यांना शिव्या घातल्या, आणि मग एकदम मटकन खाली बसलो. कारण हेच सगळं आम्ही आमच्या घरी केलं होतं, आणि आम्हाला त्याला अकरा वर्षं पुरली होती.

आमचं गाव पलूसकडचं. घरचा ऊस, आणि घरी एक सालगडी. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत गडी आमचा. एका वर्षी तो मधेच साताऱ्याला एका कारखान्यात कामाला गेला, तर वडिलांनी माणसं पाठवून त्याला परत आणला. आम्हा भावंडांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आमची वस्तू हरवली होती, ती सापडली, इतकंच वाटलं. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पण मी पाचवीत असल्यापासून त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला ‘दादा’ म्हणायचा.

यात्रेत गावकऱ्यांनीच नाटक करायचं ही आमच्याकडची रीत. सांगली-मिरजेहून दोन नट्या आणायच्या, बाकी सगळी पात्रं गावातली. हिरो व्हायला निम्मं गाव तयार. व्हिलनपाशी मात्र घोडं अडायचं, कारण तिसऱ्या अंकात हिरॉइन त्याला चपलेनं मारायची. भर यात्रेत, पैपाहुण्यांसमोर, बाईच्या हातची चप्पल खायची? कुठल्याही बागायतदाराच्या घरात हे चालण्यासारखं नव्हतं. एका पोराला कसाबसा तयार केला, तर त्याची आई तालमीत येऊन त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेली. माझे वडील लष्करातून सुभेदार होऊन आलेले, तालमीची सगळी सूत्रं त्यांच्या हातात. त्यांनी चहाचे पेले गोळा करणाऱ्या आमच्या गड्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘ह्यो करंल.’ करशील का, असं कुणी विचारलं नाही.

आणि त्यानं काय काम केलं म्हणून सांगू. तासगावकडून ट्रॅक्टर भरून माणसं त्याला बघायला यायची. पहिली तीन वर्षं हिरो मी होतो. मला हार पडायचे आणि त्याला चप्पल, आणि ती काही खोटी नसायची, कारण पब्लिक ‘आनखी, आनखी’ म्हणून ओरडायचं आणि नटीला चेव यायचा. असं अकरा वर्षं चाललं. मधे कधीतरी गाव त्याला व्हिलनच म्हणायला लागलं. आम्हीही म्हणायला लागलो. माझी आईसुद्धा दारातून हाक मारायची, ‘व्हिलन, वैरण टाकलीस का रं?’ पुढे एकाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली तेव्हा पहिली झडती त्याच्या घराची झाली. मोटर चार दिवसांनी दुसऱ्याच गावात सापडली. त्याची माफी मागावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि त्या दिवशी मी गावातच होतो.

शब्दकोश मिटून मी गावी थोरल्या भावाला फोन लावला आणि शब्दाची सगळी कथा सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मग बरोबरच हाय की. गडीच व्हता त्यो.’ आणि हसला. मग पुढं म्हणाला, ‘आता म्हातारा झालाय त्यो, लय घायकुतीला आलाय. नातीला बघायला पाव्हणं यायचं हायती रविवारी. मागच्या खेपंचं चौकातनंच माघारी गेलं न्हवं.’

का माघारी गेले? तर पाहुण्यांनी गाडी थांबवून चौकात घर विचारलं. कुणीतरी म्हणालं, ‘व्हिलनची नात व्हय?’ आणि बाकीचे हसले. नाटक बंद होऊन इतकी वर्षं झाली; चौकातल्या त्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. नाव कशावरून पडलं हे त्यांनाच ठाऊक नाही, तर पाहुण्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची चालचलणूकच तशी असणार. गाडी वळली ती वळलीच. पोरगी नर्सिंग झालेली, सांगलीत दवाखान्यात नोकरी करणारी. भाऊ हे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता. दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली.

म्हातारा दारात पायरीवर बसून दोरी वळत होता. मला बघून उठायला लागला, तसा मी खांदा दाबून त्याला खाली बसवला. ‘काय व्हिलन’ ओठावर आलंच होतं, ते कसंबसं गिळलं. मग मी त्याला शब्दाची गोष्ट सांगितली. का सांगितली देव जाणे; बहुतेक मलाच मोकळं व्हायचं होतं. त्यानं हात न थांबवता सगळं ऐकलं.

‘म्हंजी तिकडंबी गड्यालाच म्हणायचं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘आन मग त्यांच्या पोरीबाळींची लग्नं कशी व्हायची?’

पस्तीस वर्षं शिकवण्यात मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

त्यानं दोरी बाजूला ठेवली. ‘दादा, एक मागणं हाय. पाव्हणं रविवारी धाच्या सुमाराला येत्यात. तुमी फाट्यावर थांबा. चौकात कुणाला काय इचारू देऊ नका, तुमीच त्यास्नी घिऊन या. वाटंत माझं नाव सांगा. अमक्या-तमक्याच्या घरी चाललोय, म्हणा. तुमी मास्तर माणूस, तुमी सांगितलं तर त्यास्नी पटंल.’ मग आत घराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, ‘पोरगी म्हणती, माझ्यातच काय तरी खोट आसंल.’

‘थांबतो की,’ मी म्हणालो. ‘त्यात काय एवढं. नाव सांगतो, आणि…’

आणि तिथंच मी अडकलो. त्याचं नाव मला आठवेना. आठवेना तरी कसं म्हणू, आठवायला आधी माहीत असावं लागतं. व्हिलन व्हायच्या आधी आम्ही त्याला काय म्हणायचो? गडी. गड्याला सांग, गड्याला जेवायला वाढ, गडी आला का. पन्नास वर्षं ज्याला मी ओळखत होतो, त्याला आईबापानं काहीतरी नाव ठेवलं असेल हेच माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. बाजूला जाऊन भावाला फोन करावा असं वाटलं, पण त्यालाही ठाऊक नसणार, हे मला फोन न करताच कळलं. म्हातारा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या सगळं लक्षात आलं होतं.

‘तुमचं नाव काय?’ मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं, ते हे विचारायला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीला धरून उठला, डोक्यावरची टोपी सारखी केली, आणि आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं एकेक करून सांगितलं, हळूहळू, मला नीट ध्यानात राहावं म्हणून. मग म्हणाला, ‘आता तुमी म्हणून दाखवा, दादा.’