गैबीचा सोमवार

गैबी शिकलगार माझ्या छापखान्यात येतो तेव्हा आधी त्याचा आवाज आत येतो, मग तो. चाळीस वर्षं भट्टीच्या घरघराटात काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. फाउंड्रीत तो मोल्डर आहे. काळ्या वाळूत साचा घालायचा आणि त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतून घ्यायचा, हे त्याचं काम. वय एकसष्ट, कागदावर निवृत्त, पण तसा हात दुसरा मिळत नाही म्हणून मालक त्याला सोडत नाही. आणि गेली पस्तीस वर्षं तो लाल बावट्याचा माणूस आहे. पुढारी नव्हे, माणूस. सतरंज्या टाकणारा, झेंडा बांधणारा आणि सभा संपल्यावर खाली पडलेली पत्रकं झटकून परत गोळा करणारा.

मी कुठल्याच पक्षाचा नाही. छापखानेवाल्यानं असू नये. निवडणुकीत सगळे माझ्याकडेच छपाईला येतात, आणि सगळ्यांची पत्रकं वाचून सगळ्यांविषयीचं माझं मत सारखंच वाईट झालेलं आहे. तरी लाल बावट्याचं पत्रक वेगळं. बाकीचे खोटं लिहितात, पण ते निदान समजतं. ह्यांचं खरं असतं आणि कळत नाही. 'नवउदारमतवादी अरिष्टाच्या पार्श्वभूमीवर' अशी सुरुवात. गैबीला एकदा मी विचारलं, "अरिष्ट म्हणजे काय रे?"

"कायतरी वाईटच आसंल, सयाजीराव," तो म्हणाला. "चांगलं आसतं तर आमच्या वाट्याला कशाला आलं आसतं?"

आमचा भाग म्हणजे एकेकाळी लाल बावट्याचा बालेकिल्ला. गल्लीगल्लीत मोल्डर, टर्नर, फिटर. यंदा महापालिकेला पक्षानं वकील उदयसिंहांना उभं केलं. माणूस सोन्यासारखा. कामगारांच्या केसेस फुकट लढवतो, कुणाच्या कपभर चहाचाही मिंधा नाही. आणि हा माणूस चौथ्या नंबरला गेला. ज्या गल्लीतल्या सतरा जणांना त्यानं कोर्टात भांडून कामावर परत घ्यायला लावलं होतं, त्या गल्लीतसुद्धा चौथाच. मी त्याला मत दिलं होतं, हे ह्या निमित्तानं सांगून टाकतो.

मग पक्षानं चिंतन बैठक ठेवली. विषय, 'कामगारवर्ग आपल्यापासून का दुरावला?' पत्रक अर्थात माझ्याकडे. गैबी गठ्ठा न्यायला आला, वरचं एक पत्रक उचलून वाचलं आणि टेबलावर आपटलं.

"रविवारी अकरा! पुन्ना रविवार!"

बाहेरच्या माणसाला ह्यात रागावण्यासारखं काय ते कळायचं नाही. आमच्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी सोमवारची. रविवारी भट्ट्या पेटलेल्या असतात. पण सोमवार महादेवाचा, घरोघरी त्या दिवशी मटण चालत नाही, म्हणून रविवारी संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस तसाच काळ्या हातांनी मटणाच्या रांगेत उभा राहतो. सुट्टी सोमवारची आणि रस्सा रविवारचा, अशी आमच्या आठवड्याची घडी आहे. गैबीच्या घरी सोमवारचं बंधन नाही, पण सगळी गल्ली रविवारी रस्सा करणार आणि आपण एकट्यानं सोमवारी चूल पेटवायची, हे त्यालाही गोड लागत नाही. पूर्वी पक्षाचे सेक्रेटरी होते कॉम्रेड गणपतराव. ते स्वतः लेथवर काम करणारे, त्यामुळे त्यांच्या सभा सोमवारीच. ते गेले. मग कारभार वकिलांकडे, प्राध्यापकांकडे आला. त्यांना सुट्टी रविवारची. कुणी मुद्दाम काही केलं नाही. सभा आपली सरकत सरकत रविवारी जाऊन बसली आणि कामगार येईनासा झाला.

चिंतन बैठकीला गैबी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेला. तिथलं वर्णन त्यानंच मला ऐकवलं. व्यासपीठावर अकरा जण, समोर नऊ. नवातला एक माईकवाला. एका प्राध्यापकांनी कामगारांच्या जाणिवेत विकृती आल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी टीव्हीला दोष दिला, तिसऱ्यांनी जातीला. तासभर ऐकून गैबी उठला.

"कामगार कुटं गेला, कुटं गेला, म्हंतायसा," तो म्हणाला. "कामगार कामाला गेलाय!"

सगळे हसले. खूप दिवसांनी त्या हॉलमध्ये हशा पिकला असावा. पण मग उदयसिंहांनी शेवटचा ठराव वाचला आणि गैबीचं हसू मावळलं. आमच्या भागातली पक्षाची खोली महिनाअखेर बंद करायची, शहर कचेरीत विलीन करायची, कारण तिथं कुणी येत नाही.

ती खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चार भिंती. पण त्या भिंती गणपतरावांनी आणि पंचवीस-तीस पोरांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून उभ्या केल्या होत्या. त्या पोरांत गैबी होता. वाचायला तो तिथं शिकला. पहिल्या संपात बावीस दिवस तिथं झोपला. त्याला घर नंतर मिळालं, ती खोली आधी. ती जाणार म्हटल्यावर तो पुन्हा उठला.

"एक सोमवार द्या मला," तो म्हणाला.

"गैबीभाई, पन्नास कामगार आणून दाखवा," उदयसिंह म्हणाले. "ठराव मी स्वतः फाडतो."

"तुमी येनार?"

"सोमवारी कोर्ट असतं हो."

"मग रजा टाका. मी आज टाकलीच की!"

उदयसिंहांनी खिशातल्या डायरीत सोमवार लिहून घेतला. येतो म्हणाले.

त्या आठवड्यात गैबी दारोदार फिरला. लोकांनी त्याला तोंडावर ऐकवलं. आमच्याकडे पाठीमागं बोलायची पद्धत नाही, तेवढा वेळ कुणाला नसतो. ज्ञानू फिटर, म्हणजे त्या सतरा जणांतलाच एक, दारात उभा राहूनच म्हणाला, "गैबीभाई, वकीलसाहेब देवमाणूस हाय, न्हाय कोन म्हनतंय? पर देवाला आमी अडीनडीलाच जातो. मत गल्लीतल्या माणसाला देतो."

"ते ऱ्हाऊ दे. सोमवारी येनार का बोल."

"सोमवारी? आता आलासा रस्त्यावर! येतो की."

शनिवारपर्यंत एकोणतीस पुरुष पक्के झाले. पुढं गाडी हलेना. तरुण पोरं कंत्राटावर, त्यांना लाल बावटा म्हणजे आजोबांची गोष्ट वाटते. पण गैबी निश्चिंत होता. फाउंड्रीत कोअर शॉप असतं. साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे तिथं तयार होतात आणि ते काम बायका करतात. गैबीची बायको नजीरा तिथली जुनी कामगार, आणि तिच्या शब्दावर पंचवीस बायका उठतात-बसतात. एकोणतीस आणि पंचवीस, झाले चोपन्न. शनिवारी जेवताना त्यानं भाकरी मोडत मोडत तिला फर्मावलं, सोमवारी अकराला सगळ्या बायकांना घेऊन ये.

घरात ही मंडळी दखनीत बोलतात. नजीरानं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "सोमवार तुमारी छुट्टी. हमारी कौनसे वार?"

गैबीला कळेना. कारखाना तर दोघांचाही सोमवारीच बंद. मग नजीरानं त्याला हिशेब मांडून दिला. सोमवारी सकाळी सातला नळ येतो. आठवड्याचं धुणं त्या दिवशी. फाउंड्रीचे कपडे म्हणजे वाळूनं आणि काजळीनं माखलेले, एकेकाला तीन पाणी. मग रेशन, मग दळण, मग घर झाडणं, आणि नवरा दुपारी झोपून उठला की त्याचा चहा. पस्तीस वर्षं तुम्ही सोमवारी सभा, सोमवारी सभा म्हणून ओरडताय, ती म्हणाली. एकदा तरी मला विचारलंत, ह्या सोमवारी तू काय करतेस?

हे सगळं दुसऱ्या दिवशी गैबीनंच मला सांगितलं, आणि सांगताना प्रथमच त्याचा आवाज लहान झालेला मी ऐकला. "मी त्या प्राध्यापकाला हसलो, सयाजीराव," तो म्हणाला. "आनि मी तेच करत हुतो. माज्याच घरात."

मला त्याची दया आली आणि हसूही आवरेना. माझ्या घरी धुणं कोणत्या वारी असतं हे मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी हसू जरा लवकर आवरलं.

रविवारी संध्याकाळी मटणाच्या रांगेत गैबीनं जाहीर केलं. सभेला बायका येणार, पण उद्याचं धुणं बाप्यांनी धुवायचं. रांगेत एकच गलका उठला.

"लोक काय म्हंतील?" ज्ञानू ओरडला.

"कोन लोक? सगळी लोकं नळावरच आसनार हायीत!"

ह्यावर रांगच हसली आणि विरोध निम्मा झाला. शिवाय खोली जाणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि त्या विटांत कुणाच्या ना कुणाच्या बापाचा हात होता.

सोमवारी सकाळी सातला मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. असा तमाशा पुन्हा बघायला मिळाला नसता. तीसेक बाप्ये लुंग्या खोचून नळावर. लाल उकळता रस हातभर अंतरावरून ओतणारे हे गडी साबणाला घाबरत होते. कुणी पांढरं आणि काळं एकत्र भिजवलं. कुणी पावडर अशी ओतली की गटारातून फेस वाहू लागला. ज्ञानूनं आपली पँट चौथ्यांदा पिळली, तरी पाणी काळंच. तो घामाघूम होऊन म्हणाला, "आयला, हे निघतं तरी कसं?" उंबऱ्यात त्याची बायको चहा पीत बसली होती. ती म्हणाली, "आपटा की अजून. अजून दोन जोड ऱ्हायल्यात." गल्लीतल्या बायका इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की कोपऱ्यावरचा दूधवाला सायकल लावून बघत उभा राहिला. गैबी एका कडेला उकिडवा बसून नजीराची साडी धूत होता. मान वर करत नव्हता, पण साडी स्वच्छ निघत होती.

साडेअकराला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पन्नास केव्हाच झाले, म्हणजे ठराव फाटल्यातच जमा होता. उदयसिंह रजा टाकून आले होते, कोट न घालता, आणि खुर्ची नाकारून सतरंजीवर बसले होते. मी दारापाशी जागा धरली. गैबी म्हणाला, "भाषन न्हाय. आज तुमी बोला, आमी ऐकतो."

लोक बोलले. वाकडंतिकडं बोलले, एकमेकांचं तोडून बोलले, पण बोलले. मग नजीरा उठली. बायकांना सभेत बोलायला कधी बोलावलंच नव्हतं, म्हणून तिनं आधी सगळ्यांकडं बघून घेतलं आणि मग सरळ विषयाला हात घातला.

"कोअर शॉपमदी बायकांना संडास न्हाय. हुता त्यो पाडून चार वरसं झाली. आमी दिवसभर पानी पीत न्हाय, वकीलसाहेब. तुमच्या कागदात सगळ्या जगाचं दुखनं आसतं, ह्ये कुटं न्हाय."

उदयसिंहांनी वही काढली. "मला हे माहीतच नव्हतं, भाभी."

"कसं म्हाईत आसनार? तुमी रविवारी येता." आणि ती पुढं म्हणाली, "दुसरा उमेदवार सोमवारी नळावर आला. बादली उचलून दिली. नाटक हुतं, कळत हुतं आमाला. पर आला. मी त्याला मत दिलं."

गैबीनं तिच्याकडं असं पाहिलं की त्याच्या ऐवजी मीच खाली बघितलं. पस्तीस वर्षं झेंडा बांधणाऱ्याच्या घरातलं मत! उदयसिंहही हलले. पण माणूस सरळ, त्यांनी मनात आलं ते विचारलं.

"भाभी, मला नका देऊ. पण गैबीभाईंकडं बघून तरी द्यायचं होतं."

"ह्यांच्याकडं बघूनच दिलं आसतं की!" नजीराचा आवाज चढला, आणि मग एकदम भरून आला. "मी मताच्या मशीनवर वरपासनं खालपत्तूर नाव हुडकलं, वकीलसाहेब. ह्यांचं नाव कुटं हुतं? पस्तीस वरसांत कवा हुतं?"

ज्ञानू फिटर हळूच म्हणाला, "व्हय की." मग मागून आणखी कुणीतरी, मग कोअर शॉपच्या बायका. उदयसिंहांनी हातातली वही खाली ठेवली. म्हणाले, "चुकलं आमचं. निवडणुकीला उभं राहता का, म्हणून आम्ही ह्यांना कधी विचारलंच नाही."

गैबीचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. त्यानं एकदा नजीराकडं बघितलं, एकदा वकिलांकडं. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मग इचारा की आता!"