यल्लाप्पाच्या दारातली गाडी

कुंभारवाड्याच्या झिलूनं एक्क्याण्णव साली रामनगरात जुन्या गाड्या विकणाऱ्या यल्लाप्पाकडून डिझेल पिकअप घेतली. उळवीच्या चढावर तिचे गिअर गेले. खोलून बघितलं तर खडखड लपवायला आत लाकडाचा भुसा भरलेला. यल्लाप्पानं हात वर केले.

झिलू भांडला नाही. गाडी ओढत आणून त्यानं यल्लाप्पाच्या दारासमोर लावली आणि तिथंच दुरुस्त करायला घेतली. कुणी थांबलं की तेलकट भुसा दाखवायचा. नीट झाल्यावरही दर बाजाराला गाडी तिथंच उभी. यल्लाप्पाचं गिऱ्हाईक तुटलं.

शेवटी तो हात जोडून आला. “झिलूअण्णा, गाडी कवाच नीट झालीया. आता हलवा की.”

“व्हय, नीट झालीया,” म्हणत झिलूनं सगळ्यांदेखत पुन्हा बॉनेट उघडलं. त्या दिवशी त्याला पोटभर जेवण गेलं.